काटकपणाचं सर्टिफिकेट कोण देणार?

आमच्या वस्तीत विहाराच्या मागं पत्र्याची एक शेड आहे. खाली गोणपाटं शिवून केलेली मॅट, वर आढ्याला टांगलेलं वाळूचं पोतं. संध्याकाळी तिथं पंधरा-वीस पोरं बॉक्सिंग करतात. रेल्वेत कामाला असलेला एक दादा कधीकाळी जिल्ह्याकडून खेळलेला, तोच शिकवतो. परवा तिथं वाद पेटला. एकजण म्हणाला, "जुने बॉक्सर म्हणजे ज्वारीची भाकर. आजचे म्हणजे पाव, चहात बुडवला की संपला. शंभर-शंभर राऊंड लढायचे ते लोक. आज बारा राऊंडातच फेस येतो यांच्या तोंडाला." दुसरा म्हणाला, "हट्! आजच्या हेवीवेटचा एक ठोसा बसला तर तुझा तो जुना पैलवान फोटोसकट भिंतीवरून खाली येईल." मग सगळे माझ्याकडे वळले. तुम्ही वाचता-लिहिता, तुम्ही सांगा.

मी तेव्हा काही बोललो नाही. कारण भाकर-पावाची गोष्ट करणारा तो पोरगा आठ दिवसांपूर्वी डोक्यावर मार खाऊन घरी गेला होता. रात्री त्याला दोनदा उलटी झाली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. का? तर पोरं 'कच्चा' म्हणतील. त्याच्या आईनं मला सांगितलं म्हणून कळलं.

तेव्हा दोस्तहो, हा वाद नुसता करमणुकीचा नाही. 'काटक' हा शब्द आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या मजुरीऐवजी मिळालेला आहे. तो कोण देतो, कशासाठी देतो, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे बॉक्सिंगच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतं. म्हणून हे लिहितोय.

आधी आकड्यांचा हिशोब करू. जुने राऊंड आणि आजचे राऊंड एका मापानं मोजताच येत नाहीत. इंग्लंडात १८३८ साली जे नियम आले, त्यात राऊंडला ठरलेली वेळच नव्हती. उघड्या मुठींनी लढायचं. एक गडी जमिनीला लागला की राऊंड खलास. मग तीस सेकंद विश्रांती, आणि पुढच्या आठ सेकंदांत मधल्या रेघेवर येऊन उभं राहायचं. एखादा राऊंड अर्धा तास चालायचा, एखादा अर्धा मिनिटसुद्धा नाही. दमलेला गडी हलकासा फटका बसला तरी खाली बसायचा, दम खायचा. हेवीवेटच्या अजिंक्यपदाचा उघड्या मुठींचा शेवटचा सामना ८ जुलै १८८९ ला अमेरिकेत मिसिसिपी राज्यात झाला, जॉन सुलिव्हन विरुद्ध जेक किलरेन. ७५ राऊंड! ऐकायला केवढं वाटतं. सगळा मिळून वेळ दोन तास सोळा मिनिटं, आणि त्यात विश्रांत्याही आल्या. दोन तास उन्हात उभं राहणं ही गोष्ट छोटी नाही. पण ७५ हा आकडा ऐकून आजच्या तीन मिनिटांच्या राऊंडशी त्याचा गुणाकार करू नका.

दुसरी गोष्ट मुठीची. उघडी मूठ कवटीवर जोरात बसली तर कवटीआधी मूठ मोडते. म्हणून जुने लोक बरगडीवर, पोटावर, मऊ जागी जास्त मारायचे. डोक्यावर मारताना हात राखून मारायचे. १८६७ साली क्वीन्सबेरीचे नियम आले. तीन मिनिटांचा राऊंड, एक मिनिट विश्रांती, दहा आकडे, आणि हातात ग्लोव्ह्ज. लोकांना वाटतं ग्लोव्ह डोकं वाचवण्यासाठी आला. ग्लोव्ह आधी हात वाचवतो. आणि हात वाचला की डोक्यावर बेधडक मारता येतं. म्हणजे आजचा बॉक्सर कापसात लढतो असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: रक्त कमी दिसतं, मेंदूचा मार कमी होत नाही.

आता त्या शंभर राऊंडांकडे या. तो सामना खरा आहे. ६ एप्रिल १८९३, न्यू ऑर्लिन्स. अँडी बोवेन विरुद्ध जॅक बर्क. ग्लोव्ह्ज घालून, तीन-तीन मिनिटांचे ११० राऊंड. सात तास एकोणीस मिनिटं. बर्कचे हात मोडून निकामी झाले. शेवटी दोघांतला एकही मारायच्या अवस्थेत राहिला नाही, तेव्हा पंचानं निकाल न देता सामना थांबवला. आमचा पोरगा म्हणाला ते बरोबर, असा सामना आज होणार नाही. पण त्याला पुढची गोष्ट ठाऊक नव्हती. १८९४ च्या डिसेंबरात हाच बोवेन दुसऱ्या एका सामन्यात ठोसा खाऊन पडला. रिंगची जमीन लाकडाची, वर काही अंथरलेलं नाही. डोकं फळीवर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेला. जगातला सगळ्यात लांब ग्लोव्ह्जचा सामना लढलेला माणूस पुरती दोन वर्षंही जगला नाही. एखादी गादी अंथरायला किती खर्च आला असता?

हा झाला शरीराचा हिशोब. आता दुसरी वही उघडू. कोण कुणासाठी लढत होतं, आणि लढायची परवानगी कुणाच्या हातात होती.

टॉम मॉलिनो हा काळा माणूस. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मला असं सांगतात. तो इंग्लंडात आला, आणि त्याला तयार केलं बिल रिचमंडनं. रिचमंडसुद्धा गुलामीत जन्मलेला. १८१० च्या डिसेंबरात, थंडी-पावसात, मॉलिनो इंग्लंडचा चॅम्पियन टॉम क्रिबशी लढला. त्या काळच्या हकिगती सांगतात की गर्दी रिंगवर चालून आली. क्रिब वेळेत उठला नाही तेव्हा त्याच्या माणसानं, मॉलिनोच्या मुठीत शिशाच्या गोळ्या आहेत, असा कांगावा करून वेळ काढला. मॉलिनो हरला. पुढच्या वर्षी पुन्हा लढला, जबडा मोडून घेतला. १८१८ साली आयर्लंडात दारिद्र्यात मेला. वय फक्त चौतीस.

अमेरिकेच्या दक्षिणेत तर 'बॅटल रॉयल' नावाचा खेळच होता. आठ-दहा काळी पोरं एकाच रिंगमध्ये सोडायची, कधी डोळ्यांवर पट्टी बांधून. एकमेकांना बडवायचं, शेवटी जो उभा राहील त्यानं जमिनीवर फेकलेली नाणी गोळा करायची. भोवती गोरे साहेब सिगार ओढत हसणार. जॅक जॉन्सन अशा खेळात लढला. १९४२ साली लाइटवेटचा चॅम्पियन झालेला बो जॅक हाही त्यातूनच वर आला, बूट पॉलिश करता करता. हे सांगताना कुणी म्हणेल, बघा, किती काटक पोरं! सिगार ओढणारेही तेच म्हणत होते.

पण अजिंक्यपदाचा प्रश्न आला की हेच गोरे भाषा बदलायचे. मग काळा माणूस एकदम नाजूक. त्याच्या पोटात दम नाही, त्याचं काळीज पिवळं, मार बसला की तो पळतो. वर उल्लेख केलेल्या सुलिव्हननं तर उघड जाहीर केलं की मी सगळ्यांशी लढेन, पण काळ्याशी लढणार नाही. कधी लढलो नाही, लढणारही नाही. पाहा गंमत. ज्यानं ७५ राऊंड मारले त्या मर्दाला एका माणसाशी लढायची भीती, आणि तिचं नाव मात्र इभ्रत!

तो माणूस म्हणजे पीटर जॅक्सन. वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला. २१ मे १८९१ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जेम्स कॉर्बेटशी लढला. ६१ राऊंड. कुणी हरेना, कुणी जिंकेना. पंचानं सामना थांबवला. दोघं सारखेच ठरले. मग काय झालं? पुढच्या वर्षी गोऱ्या कॉर्बेटला सुलिव्हनशी लढायची संधी मिळाली आणि तो जगाचा चॅम्पियन झाला. काळ्या जॅक्सनला काय मिळालं? गुलामांच्या दुःखावरच्या प्रसिद्ध कादंबरीचं नाटक झालं होतं, त्यात 'अंकल टॉम'चं काम! फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळालेला आणि पुढे लोकांचा पुढारी झालेला, त्यानं आपल्या खोलीत जॅक्सनचा फोटो लावला होता. आल्यागेल्याला तो दाखवून म्हणायचा की पीटर आपल्या मुठींनी आपल्या प्रश्नाचं मोठं काम करतोय. जॅक्सन १९०१ साली क्षयानं मेला. सुलिव्हनला तो शेवटपर्यंत रिंगमध्ये भेटला नाही.

जो गान्सची गोष्ट पगाराची आहे. तो लाइटवेटचा चॅम्पियन होता. १९०२ पासून. ३ सप्टेंबर १९०६ ला नेवाडातल्या गोल्डफील्ड या खाणीच्या गावात तो बॅटलिंग नेल्सनशी लढला. चॅम्पियन गान्स, पण पैसे आव्हान देणाऱ्या गोऱ्या नेल्सनला, गान्सच्या साधारण दुप्पट! वर नेल्सनच्या बाजूची अट अशी की गान्सनं सामन्याच्याच दिवशी पुन्हा पुन्हा वजन द्यायचं, तेही कपडे-ग्लोव्ह्जसकट. उपाशीपोटी, वाळवंटातल्या उन्हात तो ४२ राऊंड लढला. मधेच हात दुखावला, तरी लढला. शेवटी नेल्सननं कमरेखाली मारलं आणि गान्सला विजयी ठरवलं. चार वर्षांनी, वयाच्या पस्तिशीत, क्षयानं तोही गेला. आज वजन आदल्या दिवशी करतात, बॉक्सरला खायला-प्यायला चोवीस तास मिळतात. यावर कुणी म्हणतं, हे आजचे लाडावलेले. अरे, गान्सला कुणी विचारलं होतं का, तुला उपाशी लढायला आवडेल का?

मग आला जॅक जॉन्सन. गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा पोरगा, गॅल्वेस्टनच्या बंदरात हमाली केलेला. चॅम्पियन टॉमी बर्न्सला गाठण्यासाठी त्यानं पार पृथ्वी पालथी घातली आणि २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत त्याला असा बडवला की चौदाव्या राऊंडला पोलिसांनी सामना थांबवला. गोऱ्या अमेरिकेची झोप उडाली. निवृत्त झालेल्या जेफ्रीजला शेतावरून ओढून आणलं. ४ जुलै १९१० ला रेनो गावात पंधराव्या राऊंडला तोही पडला. ते 'पिवळं काळीज' कुठं गेलं? त्या रात्री अमेरिकेत गावोगावी गोऱ्यांच्या टोळ्या काळ्यांवर तुटून पडल्या, माणसं मारली. १९१२ साली मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदीचा कायदा झाला. काळ्यानं गोऱ्याला पाडलेलं डोळ्यांनी बघायलाही मनाई! मग बायकांच्या व्यापाराविरुद्धचा एक कायदा वाकवून त्याला अडकवलं, कारण त्याच्या बायका-मैत्रिणी गोऱ्या होत्या. १९१३ साली सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. त्याच उन्हाळ्यात तो देश सोडून पळाला.

आता तारखा जरा जुळवून बघा. १९१३ च्या जुलैत आपले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले. त्यांचा दिवस लायब्ररीत जात होता. पण ते ज्या शहरात शिकत होते, तिथल्या बॉक्सिंग कमिशननं त्याच १९१३ साली काळ्या आणि गोऱ्या बॉक्सरनं एकमेकांशी लढायलाच बंदी घातली होती. हातात ग्लोव्ह आहे, तरी काळ्याचा हात गोऱ्याला लागता कामा नये. याला आपल्याकडं काय म्हणतात ते मी सांगायला नको.

आणि सर्टिफिकेट देण्या-काढण्याचा हा खेळ आपल्यावरही झालेला आहे. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला महार सैनिक लढले तेव्हा ते शूर होते. साहेबानं खांब उभारला, नावं कोरली. पुढे १८९२ च्या सुमारास त्याच साहेबानं 'लढाऊ जमाती'चं शास्त्र काढलं आणि महारांची भरती बंद केली. १९१० साली, म्हणजे जॉन्सननं रेनोला जेफ्रीजला पाडलं त्याच वर्षी, शिवराम जानबा कांबळे पुण्याहून सरकारला अर्ज करत होते की आमच्या लोकांना लष्करात घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. १९४१ ला गरज पडली, तेव्हा महार रेजिमेंट झाली. या पन्नास वर्षांत आपल्या लोकांच्या हाडांत काही बदल झाला होता का? हाडं तीच होती. शिक्का मारणारा हात कधी यायचा, कधी जायचा.

जॉन्सन ५ एप्रिल १९१५ ला हवानात जेस विलर्डकडून सव्विसाव्या राऊंडला हरला. त्यानंतर थेट १९३७ पर्यंत, बावीस वर्षं, एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेटच्या अजिंक्यपदासाठी लढू दिलं नाही. १९२० साली जॉन्सन परत आला, तुरुंगात गेला. १९४६ ला मेला. अमेरिकेच्या अध्यक्षानं त्याला माफी दिली २०१८ साली. मेल्यावर बहात्तर वर्षांनी. माफी कुणी कुणाची मागायची?

पण जॉन्सनलाही सूट देऊ नका. आपलं म्हणून झाकायचं, ही सवय चळवळीला घातक आहे. सॅम लँगफर्ड नावाचा कॅनडातला काळा बॉक्सर होता. उंचीनं बुटका, पण हेवीवेटांना लोळवणारा. जाणकार आजही त्याला सगळ्या काळातल्या थोरांत धरतात. चॅम्पियन झाल्यावर जॉन्सननं त्याला अजिंक्यपदाची संधी दिली नाही. काळ्या विरुद्ध काळ्याच्या सामन्याला पैसा नाही, गोऱ्याशी लढलो तर तिकिटं खपतात, हा धंद्याचा हिशोब. स्वतः शिडी चढला आणि शिडी वर ओढून घेतली. असे लोक आपल्यातही आहेत. नावं तुम्हीच घाला.

लँगफर्डचे सामने दोनशेच्या वर भरतात. आजचा चॅम्पियन वर्षाला दोन सामने लढतो. पोरं म्हणतात, बघा फरक! फरक कशाचा ते बघू. गोरे चॅम्पियन लढेनात, म्हणून लँगफर्ड, हॅरी विल्स, जो जीनेट, सॅम मॅकव्हे हे काळे बॉक्सर एकमेकांशीच पुन्हा पुन्हा लढत राहिले. लँगफर्ड आणि विल्स पंधराहून जास्त वेळा एकमेकांसमोर उभे राहिले. दोन भुकेल्या माणसांनी एकमेकांना झोडपायचं आणि खोलीचं भाडं द्यायचं. १९०९ साली पॅरिसात जीनेट आणि मॅकव्हे ४९ राऊंड लढले. जीनेट वीसेक वेळा पडला असेल, पुन्हा उठला, आणि शेवटी मॅकव्हेच स्टुलावरून उठू शकला नाही. यापेक्षा काटक काय असतं? पण त्यांतला एकही जगज्जेता झाला नाही. लँगफर्ड शेवटी शेवटी जवळजवळ आंधळा होऊन लढत होता. समोरचा गडी अंगाला भिडला की अंदाजानं मारायचा. १९४४ साली एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका अंधाऱ्या खोलीत सापडला, पूर्ण आंधळा, खिशात चिल्लर. लोकांनी वर्गणी काढली म्हणून त्याचं म्हातारपण निभावलं.

आता अलीकडं येऊ. पँथरचं नाव ज्या काळ्या अमेरिकेकडून आपल्याकडं आलं, त्याच काळातला हा माणूस. मुहम्मद अलीचा काटकपणा विचारला की सगळे मनिला सांगतात. मीही सांगतो. १ ऑक्टोबर १९७५, फिलिपाइन्समधला उकाडा, जो फ्रेझरशी चौदा राऊंड. फ्रेझरचे डोळे सुजून मिटले होते. पंधराव्या राऊंडआधी त्याचा ट्रेनर एडी फच यानं त्याला उठूच दिलं नाही. फ्रेझर विनवत होता, मला जाऊ दे. फचनं रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती. त्यानं ऐकलं नाही. जिंकलेल्या अलीनंही नंतर कबूल केलं की आपण मरणाच्या दारात गेलो होतो. आणि याच फ्रेझरला, दक्षिणेतल्या गरीब शेतमजुराच्या पोराला, अली जाहीरपणे गोरिला म्हणाला होता. बंदीच्या काळात ज्यानं त्याला मदत केली, त्यालाच. ती जखम फ्रेझरनं पुढं कित्येक वर्षं जपली. ठोसे भरून आले, शब्द नाही.

पण मला विचाराल तर अलीचा सगळ्यात मोठा काटकपणा रिंगमध्ये दिसलाच नाही. तो दिसला २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात. नाव पुकारलं, तो पुढे पाऊल टाकेना. व्हिएतनामला जाणार नाही. त्याच दिवशी लायसन्स गेलं, अजिंक्यपद गेलं, नंतर पाच वर्षांची शिक्षा झाली. ऐन पंचविशी ते अठ्ठाविशी, बॉक्सरची सोन्याची वर्षं, त्यानं घालवली. १९७१ साली सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली. मार खाऊन उभं राहणं त्याच्याकडून मालकांना हवंच होतं, त्याचे ते पैसे देत होते. 'नाही' म्हणणं हवं नव्हतं.

आणि मार खाण्याची किंमत? १९८० ला लॅरी हॉम्ससमोर अली नुसता मार खात उभा होता. दहा राऊंडांनंतर कोपऱ्यातून सामना थांबवला गेला. १९८४ साली पार्किन्सनचं निदान जाहीर झालं. जगातला सगळ्यात बोलका बॉक्सर पुढची तीस वर्षं हळूहळू मुका होत गेला. २०१६ ला गेला. डोक्यावरच्या माराचं हे दुखणं डॉक्टर मार्टलंड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवलं होतं. म्हणजे धंद्याला ठाऊक होतं.

आजचे बारा राऊंड तरी कुठून आले? लाड म्हणून नाही आले. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये कोरियाचा किम ड्युक-कू हा गडी रे मॅन्सिनीकडून चौदाव्या राऊंडला पडला आणि काही दिवसांतच मेला. त्यानंतर आधी एका संघटनेनं, मग हळूहळू बाकीच्यांनी पंधराचे बारा राऊंड केले. ते कमी झालेले तीन राऊंड एका गरीब माणसाच्या मरणातून आलेले आहेत. त्यांना नाजूकपणा म्हणणं म्हणजे आठ तासांच्या दिवसाला आळस म्हणणं.

तरी आजचे कच्चे आहेत का? १ डिसेंबर २०१८ चा सामना बघा. डिऑन्टे वाइल्डरनं बाराव्या राऊंडला टायसन फ्युरीला असा पाडला की सगळ्यांना वाटलं, संपलं. तो आकडे संपायच्या आत उठला आणि उरलेला राऊंड लढला. दोघांची उंची साडेसहा फुटांच्या आसपास. असा ठोसा सुलिव्हनच्या काळातल्या कुणी खाल्ला नसेल. बायांकडं बघा. इंग्लंडात १९९८ पर्यंत बाईला बॉक्सिंगचं लायसन्सच नव्हतं. २०१२ साली ऑलिंपिकमध्ये बायांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि मणिपूरची मेरी कोम, जुळ्या पोरांची आई, ब्राँझ घेऊन आली. ३० एप्रिल २०२२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांनी जो सामना लढला तो बघून आमच्या शेडमधला एकही पोरगा 'पाव' म्हणायला धजणार नाही.

काटकपणा काही आटलेला नाही. जुन्यांना उपाशी, आंधळं होईपर्यंत, फळीवर डोकं आपटेपर्यंत लढवणारी व्यवस्था होती. आज तिला थोडा लगाम बसलाय. पूर्ण नाही. २०१९ च्या जुलैत मॅक्सिम दादाशेव्ह हा बॉक्सर अकरा राऊंड मार खाऊन कोपऱ्यात आला. ट्रेनर बडी मॅक्गर्ट विनवत होता, थांबवतो मी. पोरगा मान हलवून नाही म्हणत होता. मॅक्गर्टनं सामना थांबवला, पण उशीर झाला होता. चार दिवसांनी दादाशेव्ह मेला. इतकं होऊन त्याला कुणी कच्चा म्हटलं असतं का? आणि म्हटलं असतं तरी काय बिघडलं असतं?

माझे वडील गोदीत हमाल होते. शंभर किलोचं पोतं एकटे पाठीवर घ्यायचे. मुकादम सगळ्यांदेखत म्हणायचा, "ह्याला म्हणतात काटक गडी." वडिलांना ते ऐकून बरं वाटायचं, घरी येऊन आईला सांगायचे. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना स्वतःच्या हातानं शर्टाची बटणं लावता येईनात. पाठ गेली, मग हात गेले. मुकादम बघायला आला नाही. मी वडिलांची आठवण काढतो ती त्या पोत्यासाठी नाही. युनियनच्या संपात तेवीस दिवस ते कामावर गेले नाहीत, घरात पीठ नव्हतं तरी गेले नाहीत, त्यासाठी काढतो.

मागच्या रविवारी मी शेडमध्ये हे सगळं सांगितलं. पोरं ऐकत होती. उलटी झालेला पोरगा मागं उभा होता, मान खाली घालून. त्याला काही विचारलं नाही. दादानं मात्र त्या दिवशी भिंतीवर कोळशानं दोन ओळी लिहिल्या. डोक्याला मार लागला तर त्याच दिवशी सांगायचं, दवाखान्यात जायचं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत रिंगमध्ये यायचं नाही. आणि थांबणाऱ्याला जो हसेल, त्यानं आठ दिवस शेड झाडायची.

निघताना तो पोरगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "दादा, सोमवारी सरकारी दवाखान्यात येता का माझ्यासंगं?"

सोमवारी आम्ही गेलो.